वाचकांचे प्रश्न : ओढ्याला पाणी किती येईल, हे कोणत्या मॉडेलने ठरवावे?

प्रश्न : मी बेळगावात स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. खानापूर तालुक्यात मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याचा अपधाव, म्हणजे पावसाचे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी, काढण्याचा प्रकल्प आमच्या गटाने घेतला आहे. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ४० चौरस किलोमीटर आहे. आम्ही कर्व्ह नंबर पद्धतीने, म्हणजे जमीन किती पाणी वाहू देते हे सांगणाऱ्या शंभरपर्यंतच्या आकड्यावरून, हाताने गणित केले आणि मग एचईसी-एचएमएस व स्वॅट ही संगणकावरची दोन मॉडेल्स चालवली. तिन्हींची उत्तरे जुळत नाहीत. काही दिवसांच्या पावसाला तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या दुप्पट येते. ओढ्यावर पाणी मोजण्याची सरकारी सोय नाही. यांपैकी सर्वांत चांगले मॉडेल कोणते आणि अहवालात कोणाचे उत्तर लिहावे?

— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : प्रकल्प अहवालांत वारंवार नजरेतून सुटणारी एक गोष्ट आधी तपासा. तुम्ही तीन मॉडेल्सची तुलना केली आहे असे तुम्हांला वाटते. पण पडलेल्या पावसातला किती मुरला आणि किती वाहिला हे ठरवणारे समीकरण तिन्ही ठिकाणी बहुधा एकच आहे. स्वॅटमध्ये वेगळा पर्याय निवडला नाही, तर ते अपधाव कर्व्ह नंबरनेच काढते. एचईसी-एचएमएसमध्येही मुरण्याचा हिशेब करण्यासाठी विद्यार्थी बहुतेक वेळा तीच पद्धत निवडतात, कारण तिला माहिती कमी लागते. म्हणजे तुमची तुलना तीन विचारांची नसून एकाच विचाराच्या तीन मांडण्यांची आहे, आणि तरीही उत्तरे दुपटीने वेगळी येत असतील, तर फरक नेमका कुठून आला हे शोधणे हाच तुमच्या प्रकल्पाचा खरा विषय आहे.

माझा अंदाज असा, की तो फरक जमिनीतल्या ओलीच्या हिशेबातून आला असावा. कर्व्ह नंबर पद्धत अमेरिकेच्या मृदासंधारण सेवेने १९५४ मध्ये शेतजमिनीच्या छोट्या पाणलोटांसाठी बसवली. तिचे गणित सोपे आहे. २५,४०० ला कर्व्ह नंबरने भागून त्यातून २५४ वजा केले, की जमिनीची साठवणक्षमता मिलिमीटरमध्ये मिळते. या साठवणीचा पाचवा हिस्सा पाऊस सुरुवातीलाच पानांवर, खळग्यांत आणि मातीत अडकतो असे धरायचे, तो दिवसाच्या पावसातून वजा करायचा, उरलेल्याचा वर्ग करायचा, आणि त्या वर्गाला उरलेला पाऊस व साठवण यांच्या बेरजेने भागायचे. मात्र कर्व्ह नंबर हा जमिनीचा कायमचा गुण नाही, आधीच्या पाच दिवसांत किती पाऊस झाला यावर तो बदलतो. मूळ कोष्टकानुसार पीक उभे असण्याच्या काळात पाच दिवसांचा पाऊस ३५ मि.मी.च्या आत असेल तर जमीन कोरडी, आणि ५३ मि.मी.च्या वर गेला तर ती भिजलेली धरतात.

हे आकड्यांत पाहा. मध्यम ओलीला ज्या जमिनीचा कर्व्ह नंबर ७० आहे, तिचा कोरड्या अवस्थेत साधारण ५१ आणि भिजलेल्या अवस्थेत ८४ होतो. मृगाच्या सुरुवातीला, महिनाभर तापलेल्या जमिनीवर एका दिवसात १०० मि.मी. पाऊस पडला, तर गणिताने अपधाव येतो सुमारे ९ मि.मी. तोच १०० मि.मी. पाऊस पुनर्वसूत, तरण्या पावसाच्या संततधारेत पडला, तर अपधाव येतो सुमारे ५९ मि.मी. जमीन तीच, पाऊस तेवढाच, आणि वाहणारे पाणी साडेसहापट. तुमच्या ४० चौरस किलोमीटरवर पहिल्या वेळी ३ लाख ६० हजार घनमीटर पाणी वाहील आणि दुसऱ्या वेळी साडेतेवीस लाख घनमीटर. खानापूरच्या पश्चिमेला जुलैमध्ये पाच दिवसांत ५३ मि.मी. ही काही विशेष गोष्ट नाही, त्यामुळे तिथली जमीन पावसाळ्याचा मोठा भाग भिजलेल्याच वर्गात राहते. हाताने गणित करताना तुम्ही मध्यम ओलीचा आकडा सर्व दिवसांना लावला असेल, तर तुमचे जूनचे उत्तर जास्त आणि जुलैचे कमी आले असणार.

स्वॅट ही ओल रोजच्या रोज स्वतः हिशेबात धरते आणि त्याप्रमाणे कर्व्ह नंबर हलवते. एचईसी-एचएमएसमधली कर्व्ह नंबर पद्धत मात्र एका पावसाच्या झडीसाठी आहे. मध्ये चार दिवस उघाड पडली तरी जमिनीची साठवण ती पुन्हा मोकळी करत नाही. ती अख्ख्या पावसाळ्यावर चालवली तर उत्तरार्धात अपधाव फुगत जातो. दोष मॉडेलचा नाही, निवडलेल्या पर्यायाचा आहे. सलग हंगाम चालवायचा असेल, तर त्याच मॉडेलमध्ये ओलीची तूट पावसाने भरणारा आणि उघाडीत पुन्हा मोकळी करणारा पर्याय दिलेला आहे, तो घ्यावा. सुरुवातीला अडकणाऱ्या पावसासाठी साठवणीचा पाचवा हिस्साही जशाच्या तसा घेऊ नका. भारतात काळ्या जमिनीला मध्यम व भिजलेल्या अवस्थेत साठवणीचा दहावा हिस्सा आणि इतरत्र तीन दशांश हिस्सा धरण्याची शिफारस आहे. कर्व्ह नंबर ८० आणि पाऊस १०० मि.मी. असेल तर या एका बदलाने उत्तर ५६ मि.मी. वरून ४५ मि.मी. वर येते.

आता याहून खोलातला प्रश्न. पाणी जमिनीवरून का वाहते, याची दोन वेगळी कारणे आहेत. पाऊस इतक्या जोराने कोसळतो की जमिनीला तेवढ्या वेगाने पिता येत नाही, हे एक. अमेरिकेचे जलशास्त्रज्ञ हॉर्टन यांनी १९३३ मध्ये ते मांडले. दुसरे असे, की जमीन पाणी पीत राहते, पण खालून भरत येते आणि शेवटी ओढ्याकाठच्या सखल भागात एक थेंबही आत जायला जागा उरत नाही. डन यांच्या १९७० च्या क्षेत्रीय कामाने हे नीट दाखवले. जिल्ह्याच्या कोरड्या भागात, अथणीकडच्या उघड्या, उथळ जमिनीवर वळवाचा पाऊस वाहतो तो पहिल्या कारणाने. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या रानात पालापाचोळ्याखालची जांभ्याची माती सहजासहजी पाणी नाकारत नाही, तिथे दुसरे कारण वरचढ असते. आर्द्रा सरता सरता तिथल्या डोंगरपायथ्याला बांधाच्या दगडांतून पाणी पाझरू लागते, पायवाटेवर झरा उमटतो, आणि त्यानंतरची प्रत्येक सर जवळजवळ सगळीच्या सगळी ओढ्यात उतरते. हे ज्याने पाहिले आहे त्याला या दुसऱ्या कारणाची व्याख्या सांगावी लागत नाही.

बेव्हन आणि कर्कबी यांचे १९७९ चे टॉपमॉडेल नेमक्या याच कल्पनेवर उभे आहे. वरच्या उतारावरून किती पाणी एखाद्या जागी येते आणि त्या जागेचा उतार किती, या दोन गोष्टींवरून कोणता भाग आधी भरेल हे ते ठरवते. तुमचे क्षेत्र खरोखर पश्चिमेच्या रानातले असेल, तर तुलनेत तिसरा कर्व्ह नंबर घालण्याऐवजी हे मॉडेल घ्या. मग ती दोन विचारांची तुलना होईल.

तुमच्या यादीत नसलेली दोन जुनी साधने मी आग्रहाने सुचवतो, कारण ती आपल्याच मातीवर बसवलेली आहेत. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या भागातील पाऊस आणि पाण्याच्या नोंदी अभ्यासून चांगले, मध्यम आणि वाईट पाणलोट अशी कोष्टके केली. इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या मोजणीवरून दोन सूत्रे दिली. घाटासाठी, वार्षिक पावसाला ०.८५ ने गुणून ३०.५ सें.मी. वजा करायचे, दख्खनच्या पठारासाठी, सें.मी.मधल्या पावसातून १७.८ वजा करून येणाऱ्या आकड्याला पुन्हा पावसाने गुणून २५४ ने भागायचे. घाटातल्या २५० सें.मी. पावसाचे १८२ सें.मी. पाणी वाहते, आणि पूर्वेकडच्या ६० सें.मी. पावसाचे जेमतेम १० सें.मी.; एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना एकीकडे सुमारे ७३ टक्के, दुसरीकडे १७ टक्के. मधल्या पट्ट्यात १२० सें.मी. पाऊस धरला, तर घाटाचे सूत्र ७१.५ सें.मी. सांगते आणि पठाराचे ४८. बेळगाव शहर आणि खानापूरचा पूर्व भाग या मधल्या पट्ट्यात येतो, आणि इथे कोणतेही तयार सूत्र डोळे झाकून लावता येत नाही. तुमच्या मॉडेलचे वर्षाचे एकूण उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर फार दूर जात असेल, तर ते मॉडेल पुन्हा उघडून पाहावे.

पावसाच्या आकड्यांविषयी थोडक्यात. हवामान खात्याची पाव अंशाच्या चौकटीतली माहिती सहज मिळते, पण अशी एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची असते, आणि आपल्याकडे तेवढ्या अंतरात घाट संपून माळ लागतो. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची ग्रामपंचायत पातळीवरची पर्जन्यमापके दर १५ मिनिटांची नोंद देतात. ती मिळवण्याचा प्रयत्न करा. शहरातच राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे कठीण खडक प्रादेशिक केंद्र आहे, तिथेही मार्गदर्शन मागावे.

अहवालात बहुतेक विद्यार्थी नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये दिलेला कार्यक्षमता निर्देशांक (१ म्हणजे मोजलेल्या प्रवाहाशी तंतोतंत जुळणी) लिहितात आणि तो ०.७ आला की समाधान मानतात. हा निर्देशांक तुमच्या मॉडेलची तुलना कशाशी करतो, ते पाहा : वर्षाच्या सरासरी प्रवाहाशी. आपल्याकडे चार महिने पाणी आणि आठ महिने कोरड. पावसाळ्यात पाणी असते आणि उन्हाळ्यात नसते, एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याचाही निर्देशांक बरा येतो. म्हणून तो फक्त जून ते सप्टेंबरच्या दिवसांवर काढा. शिवाय ज्या वर्षांवर मॉडेल जुळवले त्या वर्षांवर त्याची परीक्षा घेऊ नका. एका ओल्या वर्षावर जुळवून कोरड्या वर्षावर तपासा आणि उलटही करा. या कसोटीत एक मॉडेल ०.८ वरून ०.३ वर घसरले आणि दुसरे ०.६ वरून ०.५५ वर आले, तर मी दुसरे निवडीन.

पण तुलना करायला मोजलेले पाणी हवे, आणि तुमच्या ओढ्यावर ते नाही. मग मोजा. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघा-तिघांनी खानापूर तालुक्यातल्याच एका ओढ्यावर, रस्त्याच्या मोरीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने दर पाच सेंटीमीटरला खूण केली होती. शेजारच्या घरातली शाळकरी मुलगी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला खूण वाचून वहीत लिहायची, आणि मोठी सर आली तर मधेही. वेग मोजायला आम्ही सुपारी टाकायचो. दहा मीटरचे अंतर सुपारीने बारा सेकंदांत कापले, तर वरच्या थराचा वेग सेकंदाला ०.८३ मीटर, पूर्ण खोलीचा सरासरी वेग त्याच्या सुमारे ८५ टक्के, म्हणजे ०.७१ मीटर. तीन मीटर रुंद मोरीत पाणी साठ सेंटीमीटर असेल, तर प्रवाह सेकंदाला १.२७ घनमीटरच्या आसपास. असे आठ-दहा वेगवेगळ्या पातळ्यांना केले, की पातळीवरून प्रवाह काढण्याचा आलेख तयार होतो. पुराच्या पाण्यात मात्र कुणीही उतरायचे नाही. वरून, मोरीच्या कठड्यामागूनच वाचायचे. त्या वहीच्या एका पावसाळ्यामुळे आमच्या कर्व्ह नंबरच्या कोष्टकातले दोन आकडे बदलावे लागले.

आता तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. एखाद्या झडीचा सर्वोच्च प्रवाह हवा असेल, उदाहरणार्थ पुलासाठी, तर एचईसी-एचएमएस घ्या, पाऊस तासाचा किंवा १५ मिनिटांचा वापरा, आणि सुरुवातीची ओल त्या दिवसाप्रमाणे ठरवा. हंगामात किती पाणी येईल आणि पीक किंवा रान बदलले तर काय होईल, हे हवे असेल तर स्वॅट; पण त्यातली सगळी परिमाणे, म्हणजे जुळवून घ्यायचे आकडे, हलवू नका, कारण मोजणीची एकच वही असताना वीस आकडे जुळवायला घेतले, की अगदी वेगवेगळ्या आकड्यांचे संच सारखेच सुंदर उत्तर देतात आणि त्यांतला खरा कोणता हे कळत नाही. चार-पाच हलवा आणि ते कोणते व का, हे लिहा. मोजणी अजिबात जमली नाही, तर एक आकडा लिहू नका. कोरड्या आणि भिजलेल्या अवस्थेची दोन उत्तरे मर्यादा म्हणून द्या. परीक्षकांनी एकच आकडा मागितला, तरी तो कोणत्या गृहीतावर आला हे त्याच ओळीत लिहा.

प्रश्न : आमची भातजमीन येळ्ळूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याच्या पट्ट्यात आहे. पूर्वी पाणी शिवारात चढायचे आणि दोन दिवसांत उतरायचे. आता एका रात्रीत चढते. वरच्या बाजूला लेआउट झाले आहेत. विचारणा केली तर गटार आणि मोरीचे गणित नियमाप्रमाणे केले आहे असे उत्तर मिळते. हे गणित कोणते असते आणि आम्हांला ते तपासता येईल का?

— एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : तपासता येते, आणि आपण ते जरूर तपासावे. शहरी गटारांसाठी बहुधा रॅशनल पद्धत वापरतात. तिचे मूळ आयर्लंडच्या मुल्व्हनी यांच्या १८५१ च्या लेखनात आहे. अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा), तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये, या तिन्हींचा गुणाकार करून ३६० ने भागले, की प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. शेतजमिनीला गुणांक ०.३ धरला आणि पाऊस तासाला ४० मि.मी. असला, तर ५० हेक्टरमधून १.६७ घनमीटर येतात. तिथेच घरे, रस्ते आणि फरशी झाली की गुणांक ०.७ होतो. पण इथे एक गोष्ट अनेकदा राहून जाते : फरशीवरून पाणी लवकर धावते, त्यामुळे सगळ्या क्षेत्राचे पाणी तोंडाशी पोचायला लागणारा वेळ कमी होतो, आणि थोड्या वेळाचा पाऊस नेहमी जास्त जोराचा असतो. म्हणून पावसाचा आकडाही बदलायला हवा. तो ६० मि.मी. धरला, तर प्रवाह ५.८३ घनमीटर होतो, पूर्वीच्या साडेतीनपट. केवळ गुणांक बदलून जुनाच पाऊस ठेवला तर ३.८९ येतात, आणि मोरी त्या मानाने अपुरी पडते.

भाताचे बांध या सूत्रात कुठेच दिसत नाहीत, याचे मला फार वाटते. चिखलणी केलेल्या एका हेक्टर खाचरात दहा सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तर एक हजार घनमीटर पाणी तिथेच थांबते. ५० हेक्टर खाचरे बुजवली, की पन्नास हजार घनमीटरचे एक तळे गेले. ते कुणी तळे म्हणून कधी मोजलेच नव्हते.

आपण लेखी चार गोष्टी मागा : गुणांक किती धरला, पावसाची तीव्रता किती आणि किती मिनिटांची, किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी गणित केले, आणि क्षेत्र किती धरले. क्षेत्र ८० हेक्टरच्या पुढे गेले असेल, तर रॅशनल पद्धत सहसा योग्य मानत नाहीत. अख्ख्या नाल्यासाठी ती एकदाच लावली असेल तर तो आक्षेप घ्या. नाल्यात गाळ असेल तर तो वेगळा मुद्दा आहे. किती पाणी येते हा अपधावाचा प्रश्न, आणि आलेले पाणी पुढे सरकते का हा नाल्याच्या वहनक्षमतेचा. अर्जात हे दोन वेगळे ठेवलेत, तर एकाचे उत्तर दुसऱ्याने देता येणार नाही.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावात त्या मानाने फार पाऊस नव्हता, तरी ओढ्याचे पाणी घरांत आले. आमच्या ओढ्याचे मॉडेल केले असते, तर आधी कळले असते का?

— एक शिक्षक, चिकोडी तालुका

उत्तर : नाही. अपधावाचे मॉडेल तुमच्या शिवारात पडलेल्या पावसाचे पाणी सांगते. कृष्णा तुमच्याकडे येते ती महाबळेश्वरपासूनचे पाणी, कोयनेचे आणि पंचगंगेचे पाणी घेऊन, आणि त्यात धरणांतून सोडलेल्या विसर्गाचाही वाटा असतो. नदी फुगली की ओढ्याचे तोंड बंद होते, ओढा उलटा चढतो, आणि गावावर पडलेला थोडा पाऊसही बाहेर जायला वाट मिळत नाही म्हणून साचतो. यासाठी नदीच्या पातळीचे जलगतिक मॉडेल, म्हणजे नदीतले पाणी कसे चढते आणि पुढे सरकते हे काढणारे मॉडेल, लागते, त्यात वरच्या धरणांचा विसर्ग घालावा लागतो. तुम्हांला शाळेत करता येईल असे एक काम आहे : ओढ्याच्या मोरीचा तळ नदीच्या मोजपट्टीवर कितव्या आकड्याला येतो, हे दुर्बीण-पट्टीने एकदा काढून घ्या. तो आकडा हाती असला, की त्या मोजपट्टीवरची पातळी जाहीर होताच पाणी ओढ्यात शिरायला किती मीटर बाकी आहेत ते तुम्हांला वजाबाकीने सांगता येईल.